सांधेदुखीची पुडी बंद केली आणि आई आयसीयूत गेली. अ‍ॅड्रिनल ग्रंथी 'झोपते' म्हणजे नक्की काय होतं?

कृष्णाकाठची:

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

माझी आई, वय ६१, सांगलीजवळ गावी असते. गुडघे आणि हाताची बोटं दुखतात म्हणून काही वर्षं ती एका माणसाकडून पुड्या घेत होती. कागदात बांधलेली पांढरी पावडर, सकाळी एक, रात्री एक, 'झाडपाल्याचं औषध आहे' एवढंच सांगणं. आणि खरं सांगते, पुडी घेतली की ती अशी तरतरीत व्हायची की भाकऱ्या थापून, गोठा झाडून नऊच्या आत मोकळी. पण हळूहळू तोंड गोल गरगरीत झालं, पोट सुटलं, हातपाय मात्र काटकुळे, जरा कुठे टेकलं तरी निळा डाग, आणि साखर वाढली म्हणून डायबेटिसच्या गोळ्यापण लागल्या. दिवाळीला वहिनीने पुडी बघितली, म्हणाली आई यात स्टिरॉइड असणार, आजपासून बंद. आईने खरंच त्याच दिवशी बंद केली.

मग भूक गेली, मळमळ, अंगात त्राण नाही, उठून उभी राहिली की डोळ्यापुढे अंधारी. आम्हाला वाटलं सांधेदुखी उलटली. त्यात ताप आला, उलट्या सुरू झाल्या आणि एका पहाटे ती नीट बोलेना. हॉस्पिटलला नेलं तेव्हा बीपी ७०/४०, शुगर ५२, सोडियम १२१, पोटॅशियम ४.२. सलाइनच्या बाटल्या चढवल्या तरी बीपी वर येईना. तिथल्या एका तरुण डॉक्टरांनी हातावरचे डाग बघितले, चेहरा बघितला आणि विचारलं, "मावशींना कुठली पुडी चालू होती का हो?" रक्त काढून ठेवलं आणि रिपोर्टची वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोनचं १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिलं. संध्याकाळी आई चहा मागत होती! रिपोर्ट नंतर आला, कॉर्टिसॉल १.३, एसीटीएचपण कमी.

आता घरी आहे, हायड्रोकॉर्टिसोनची गोळी सकाळी १० मिलिग्रॅम आणि दुपारी ५ मिलिग्रॅम. डॉक्टर म्हणाले अ‍ॅड्रिनल ग्रंथी झोपल्यात, उठायला वेळ लागेल. गर्दीत याहून जास्त विचारता आलं नाही. मला हे कळत नाहीये की जे शरीराला अपाय करत होतं ते बंद केल्यावर माणूस मरणाच्या दारात कसा जातो? ग्रंथी कायमची गेली का? आणि भाऊ म्हणतो अ‍ॅडिसन नावाच्या आजारात पोटॅशियम वाढतं आणि कातडी काळी पडते, आईला तर दोन्ही नाही, मग निदान बरोबर आहे ना?


स्टेथो:

ताई, आधी हे सांगतो की त्या तरुण डॉक्टरांनी आईंचा जीव वाचवलाय. रिपोर्टची वाट न बघता इंजेक्शन देणं हेच करायचं असतं, नमुना घेऊन ठेवायचा आणि औषध लगेच. मी जनरल फिजिशियन आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि असे पेशंट आमच्याकडे येत राहतात म्हणून सविस्तर लिहितो.

अ‍ॅड्रिनल ग्रंथी दोन, प्रत्येक किडनीच्या वरच्या टोकाला एक, वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. पण त्या एका ग्रंथीत खरं तर दोन वेगळे कारखाने आहेत. बाहेरची साल म्हणजे कॉर्टेक्स आणि आतला गाभा म्हणजे मेड्युला. सालीत तीन थर. सगळ्यात बाहेरच्या थरात अल्डोस्टेरॉन बनतं, ते किडनीला सांगतं मीठ धरून ठेव, पोटॅशियम सोड. मधल्या जाड थरात कॉर्टिसॉल. आणि आतल्या थरात डीएचईए वगैरे पुरुषी वळणाची कमी ताकदीची हार्मोन्स, जी बायकांमध्येही असतात. या तिन्हींचा कच्चा माल एकच, कोलेस्टेरॉल. (कोलेस्टेरॉलला लोक उगाच नुसती शिवी देतात.) आतल्या गाभ्याचं काम अ‍ॅड्रिनालिन, त्यावर नंतर कोणी विचारलं तर लिहीन.

आता कॉर्टिसॉल, कारण आईंचं सगळं दुखणं इथेच आहे. ग्रंथी स्वतःच्या मनाने कॉर्टिसॉल बनवत नाही. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस आहे, तो सीआरएच नावाचं हार्मोन सोडतो, त्याने खालच्या पिट्युटरी ग्रंथीला जाग येते, ती एसीटीएच हे दुसरं हार्मोन रक्तात सोडते, आणि ते एसीटीएच अ‍ॅड्रिनलपर्यंत पोचलं की कॉर्टिसॉल बनतं. कॉर्टिसॉल पुरेसं झालं की तेच वर जाऊन हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरीला सांगतं की बास. शरीराच्या रोजच्या घड्याळाप्रमाणे पहाटेपासून ते चढतं, सकाळी उठायच्या सुमाराला सगळ्यात जास्त, आणि मध्यरात्री सगळ्यात कमी. ताप, ऑपरेशन, अपघात असं काही झालं की पिट्युटरी जोर लावते आणि कॉर्टिसॉल नेहमीच्या कित्येक पट वाढतं.

पुडीत नेमकं काय होतं ते तपासल्याशिवाय छातीठोक सांगता येणार नाही, पण गोल चेहरा, सुटलेलं पोट, काटकुळे हातपाय, निळे डाग, वाढलेली साखर हे चित्र स्टिरॉइडचंच आहे. अशा पुड्यांमध्ये डेक्सामिथासोन किंवा प्रेडनिसोलोन सापडतं, ही कॉर्टिसॉलसारखंच काम करणारी स्टिरॉइड औषधं. आता हिशोब बघा. प्रेडनिसोलोनचे ५ मिलिग्रॅम म्हणजे हायड्रोकॉर्टिसोनचे (म्हणजे औषधातल्या कॉर्टिसॉलचे) २० मिलिग्रॅम, आणि डेक्सामिथासोनचे तर पाऊण मिलिग्रॅमच तेवढं काम करतात, म्हणजे चिमटीत दिसणारही नाही एवढी पावडर झाली. आणि हायड्रोकॉर्टिसोनचे १५ ते २५ मिलिग्रॅम ही ज्याची ग्रंथी अजिबात चालत नाही अशा माणसाची दिवसाची पूर्ण गरज. म्हणजे आईंच्या रक्तात रोज बाहेरूनच गरजेइतकं किंवा त्याहून खूप जास्त स्टिरॉइड येत होतं. पिट्युटरीला हे बाहेरचं की घरचं यातला फरक कळत नाही, तिला एवढंच दिसतं की भरपूर आहे, मग ती एसीटीएच सोडायचं थांबवते. महिनोन्महिने, वर्षानुवर्षं एसीटीएच आलं नाही की कॉर्टिसॉल बनवणारा थर अक्षरशः आक्रसतो, पातळ होतो.

म्हणजे पुडी अपाय पण करत होती आणि त्याच वेळी शरीराच्या एका अत्यावश्यक हार्मोनची जागाही तिनेच धरली होती. ती एका दिवसात काढली तेव्हा मागे घरचं कॉर्टिसॉल नव्हतंच. त्यात ताप आला, गरज कित्येक पट वाढली. पुढचं सगळं त्यातून आलं. कॉर्टिसॉल नसेल तर लिव्हर नवी साखर नीट बनवत नाही, आणि डायबेटिसच्या गोळ्या चालूच होत्या, म्हणून शुगर ५२. रक्तवाहिन्यांना आकुंचन पावायला अ‍ॅड्रिनालिन आणि नॉरअ‍ॅड्रिनालिन सांगतात, पण ते ऐकायला कॉर्टिसॉल हजर असावं लागतं, ते नसलं की नुसत्या सलाइनने बीपी चढत नाही. आणि सोडियम कमी झालं कारण कॉर्टिसॉल नसताना शरीर पाणी धरून ठेवणारं दुसरं हार्मोन, एडीएच, जास्त सोडतं आणि रक्तातलं मीठ पातळ होतं.

भावाचा प्रश्न फार चांगला आहे. अल्डोस्टेरॉनच्या थराला एसीटीएचची फारशी गरज नसते, त्याचा हुकूम किडनीकडून येतो, रेनिन आणि अँजिओटेन्सिनमार्फत. आईंचा तो थर शाबूत आहे, म्हणून पोटॅशियम ४.२, अगदी नॉर्मल. आणि कातडी काळी पडते ती एसीटीएच खूप वाढल्यामुळे, कारण ते कातडीतल्या रंग बनवणाऱ्या पेशींनाही चेतवतं. आईंचं एसीटीएच उलट कमी आहे. अ‍ॅडिसनमध्ये ग्रंथीच नष्ट होते, आईंच्या बाबतीत ग्रंथी आहे, तिला काम सांगणारं कोणी नाहीये. निदान बरोबर आहे.

कायमची गेली का, तर बहुतेक वेळा नाही. आधी पिट्युटरी सावरते, मग अ‍ॅड्रिनल. काहींना काही महिने लागतात, काहींना वर्षाहून जास्त. फक्त एक, डायबेटिसच्या गोळ्यांचा डोस डॉक्टरांकडून परत तपासून घ्या, स्टिरॉइड कमी झाल्यावर तेवढी गरज राहिलेली नसते.


मीठभाकर:

ताई, मी तुमच्या भावाने वाचलेला अ‍ॅडिसनवाला. लातूरकडचा, शेती करतो. डॉक्टरसाहेबांनी फरक सांगितलाच आहे, मी भोगलेलं सांगतो.

मला आधी फुफ्फुसाचा टीबी झाला होता, औषधं पूर्ण केली, बरा झालो. त्याच्या पुढं काही वर्षांनी वजन उतरायला लागलं आणि रंग काळवंडला. शेतकरी माणूस, सगळे म्हणले ऊन लागलंय. पण ऊन तळहाताच्या रेषांत कसं लागंल? रेषा शाईने आखल्यासारख्या काळ्या, बोटांच्या पेरांवर काळं, हिरड्यांवर काळे ठिपके. आणि मीठ. ताटात वाढलेल्या मिठाची चिमूट मी नुसती जिभेवर टाकायचो, लोणच्याचा खार वाटीनं प्यायचो, बायको ओरडायची. बसलेला असताना बीपी ९० आणि उभं केलं की ७०. शेवटी एका डॉक्टरनी तोंड उघडायला लावलं, हिरड्या बघितल्या आणि सरळ सोडियम पोटॅशियम काढायला सांगितलं. पोटॅशियम ६.१ निघालं. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही अ‍ॅड्रिनलमध्ये टीबीच्या खुणा, चुना साठलेला.

मला सांगितलं की दोन्ही ग्रंथींचा जवळजवळ नव्वद टक्के भाग जाईपर्यंत माणसाला पत्ता लागत नाही, म्हणून उशीर होतो. आणि हा आजार ज्यांच्या नावाने आहे त्या लंडनच्या थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ मध्ये जे पेशंट लिहून ठेवले त्यातल्या बऱ्याच जणांच्या ग्रंथी टीबीनंच खाल्ल्या होत्या. बाहेरच्या देशांत आता बहुतेकांना हा आजार शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळं होतो, आपल्याकडं टीबी अजून आहेच.

मला दोन गोळ्या आहेत, हायड्रोकॉर्टिसोन आणि अल्डोस्टेरॉनच्या जागी फ्लुड्रोकॉर्टिसोन. तुमच्या आईला दुसरी लागणार नाही. आता ऐका. ताप आला की त्या दिवसापासून डोस दुप्पट, ताप फार असंल तर तिप्पट, उतरला की परत नेहमीचा. उलट्या होऊन गोळी पोटात राहत नसंल तर घरी बसायचं नाही, इंजेक्शन घ्यायला निघायचं. माझ्या मोबाइलच्या कव्हरमागं एक चिठ्ठी आहे, मराठीत आणि इंग्रजीत: 'मला अ‍ॅड्रिनलचा आजार आहे. बेशुद्ध असेन तर हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम लगेच द्या.' घरात एक वायल, सिरिंज आणि सुई डब्यात ठेवलेली आहे, फ्रिजच्या वर, मुलाला टोचायला शिकवलंय. आईसाठी पण चिठ्ठी करा, आजच करा. पदराला बांधा नाहीतर पिशवीत ठेवा पण जवळ पाहिजे.

एक राहिलं. कुणाला टीबीची औषधं नव्यानं चालू होत असतील तर रिफाम्पिसिनमुळं कॉर्टिसॉल शरीरात लवकर मोडतं, हायड्रोकॉर्टिसोनचा डोस वाढवावा लागतो. हे डॉक्टरला आठवण करून द्यायला लाजू नका.


नीटची_तयारी:

मस्त धागा! माझा प्रश्न जरा अभ्यासाचा आहे, चालेल ना? अधिवृक्क (म्हणजे अ‍ॅड्रिनल) ग्रंथी म्हटलं की आम्हाला पहिलं अ‍ॅड्रिनालिनच शिकवतात, फाइट ऑर फ्लाइट वगैरे. मग मीठभाकर काकांच्या दोन्ही ग्रंथी टीबीने गेल्या तर त्यांना अ‍ॅड्रिनालिनची गोळी का देत नाहीत? त्याच्याशिवाय कसं चालतं?


स्टेथो:

अरे विचार की, हाच प्रश्न मला एमबीबीएसला पडला होता.

मेड्युला हा मुळात मज्जासंस्थेचाच तुकडा आहे. गर्भात ज्या पेशींपासून नसांच्या गाठी बनतात त्यातल्याच काही सरकत येऊन अ‍ॅड्रिनलच्या मध्यात बसतात. म्हणून तिला हुकूम रक्तातून नाही, थेट नसेतून येतो आणि काही सेकंदांत अ‍ॅड्रिनालिन रक्तात उतरतं. समोरून ट्रक आला, ठोके वाढले, बुबुळाची बाहुली मोठी झाली, लिव्हरने साठवलेली साखर सोडली, आतड्याचा रक्तपुरवठा कमी होऊन तो पायांच्या स्नायूंकडे वळला. आणि दोन-तीन मिनिटांत त्यातलं निम्मं मोडूनही गेलं. कॉर्टिसॉलचं तसं नाही, ते पेशीच्या आत शिरून जीन्सचं काम बदलतं, त्याचा परिणाम दिसायला तास लागतात आणि तो टिकतो.

आता नॉरअ‍ॅड्रिनालिन शरीरभरच्या सिंपथेटिक नसा स्वतःच सोडतात, त्यामुळे मेड्युला गेली तरी बीपी आणि ठोके सांभाळायला तेवढं बहुतेक पुरतं. आणि अ‍ॅड्रिनालिनची गोळी गिळली तर आतडं आणि लिव्हर तिला तिथेच मोडून टाकतात, उपयोग शून्य. कॉर्टिसॉल आणि अल्डोस्टेरॉनला मात्र शरीरात दुसरा पर्याय नाही, म्हणून त्यांच्याच गोळ्या.

आणखी एक, तुला आवडेल. नॉरअ‍ॅड्रिनालिनचं अ‍ॅड्रिनालिन करणारं जे एन्झाइम मेड्युलात आहे ते चालायला भरपूर कॉर्टिसॉल लागतं, आणि सालीतलं कॉर्टिसॉलने गच्च रक्त आधी गाभ्यातून जातं मगच बाहेर पडतं. ताईंच्या आईंची मेड्युला धडधाकट आहे पण वरून कॉर्टिसॉल येत नाही म्हणून त्यांचं अ‍ॅड्रिनालिनसुद्धा कमी बनत असणार. दोन कारखाने एकमेकांना चिकटून आहेत ते उगाच नाही.


पुण्याची_मधुरा:

हे सगळं वाचून घाबरले. मला सारखा थकवा असतो, दुपारी गळून जाते, एका ऑनलाइन कोचने सांगितलं की 'अ‍ॅड्रिनल फटीग' आहे, स्ट्रेसने ग्रंथी दमल्यात, तीन महिन्यांचं पॅकेज घ्या. त्यात ज्येष्ठमधाचा काढा पण आहे रोज दोन वेळा. घेऊ का?


स्टेथो:

मधुरा, नका घेऊ. तुमचा थकवा खरा आहे, त्याबद्दल मला शंका नाही, पण ताणाने अ‍ॅड्रिनल दमून कॉर्टिसॉल संपतं असा आजार एंडोक्राइनोलॉजीत, म्हणजे हार्मोन्सच्या शास्त्रात, मानलेला नाही. ताणात ग्रंथी जास्त काम करते, दमून बंद पडत नाही. तुम्ही हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी१२, व्हिटॅमिन डी, साखर बघा, झोप किती होते ते बघा, पाळीत रक्तस्राव जास्त जातो का ते डॉक्टरांना सांगा. थकव्याचं कारण बऱ्याचदा यातच निघतं.

ज्येष्ठमधाचं नीट ऐका. घसा खवखवला म्हणून एखादी काडी चघळली त्याला काही म्हणत नाही. पण रोज दोन वेळा काढा महिनोन्महिने, हे वेगळं. किडनीत एक एन्झाइम असतं, ते कॉर्टिसॉलचं निष्क्रिय कॉर्टिसोन करून टाकतं, नाहीतर कॉर्टिसॉल तिथे अल्डोस्टेरॉनच्या जागेवर बसून तेच काम करू शकतं. ज्येष्ठमधातला ग्लिसरायझिन हा घटक ते एन्झाइम अडवतो. मग मीठ साठतं, बीपी चढतं, पोटॅशियम उतरतं, पाय भरून येतात, काहींच्या हृदयाचे ठोके बिघडतात. आधीच बीपीच्या गोळ्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी तर दूरच राहावं.


सकाळी_आठ:

मी लॅबमध्ये रक्त घेते, थोडं आमच्या बाजूचं. कॉर्टिसॉल म्हटलं की आम्ही सकाळी आठलाच बोलावतो, लोक अकराला येतात आणि वाद घालतात. आकडा वेळेवर अवलंबून आहे हो, तेच रक्त संध्याकाळी काढलं तर निरोगी माणसाचंही कमी येईल. कृष्णाकाठची ताई, आईचं पुढचं कॉर्टिसॉल करताना सकाळची गोळी घ्यायच्या आधी रक्त द्या आणि आदल्या दुपारची गोळी घ्यायची की नाही ते डॉक्टरांना विचारून या, कारण हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे कॉर्टिसॉलच, मशीनला गोळीतलं आणि शरीरातलं वेगळं ओळखता येत नाही. रक्त दिलं की लगेच गोळी घ्या, डबा आणि पाणी सोबत आणा, उपाशी बसून राहू नका. आणि बाहेरून दुसरं कुठलं स्टिरॉइड चालू असेल, दम्याचा पंप, कातडीचं मलम, गुडघ्यात घेतलेलं इंजेक्शन, तेही फॉर्मवर लिहा. लोक मलम म्हणजे औषध धरतच नाहीत.


कृष्णाकाठची:

सगळ्यांचे मनापासून आभार. चिठ्ठी केली, आईच्या बटव्यात ठेवली, एक भावाच्या पाकिटात. स्टेथो सर, दोन शंका. पुढच्या टेस्टमध्ये किती आकडा आला की गोळी थांबेल? आणि आई परवा म्हणाली, "पण पुडीनं गुडघं खरंच थांबलेलं गं." ती परत त्या माणसाकडे जाईल अशी भीती वाटते, तिला काय सांगू?


स्टेथो:

आकड्याचं असं, सकाळचं कॉर्टिसॉल १० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं तर बहुधा ग्रंथी सावरली असं धरून गोळी थांबवता येते. ५ ते १० असेल तर आहे तोच डोस ठेवून काही आठवड्यांनी पुन्हा बघायचं, ५ च्या खाली असेल तर अजून काही महिने. मधल्या आकड्यात डॉक्टर एसीटीएचचं इंजेक्शन देऊन ग्रंथी किती प्रतिसाद देते ते बघू शकतात. हे तुम्ही घरी ठरवायचं नाही, रिपोर्ट घेऊन त्यांच्याकडे जा.

आईंना 'तुला भास झाला' म्हणू नका, त्यांचे गुडघे थांबले होते हे खरंच आहे. १९४८ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या बाईंना कॉर्टिसोन दिलं आणि त्या थोड्याच दिवसांत चालायला लागल्या, त्यावर १९५० चं नोबेल मिळालं, हेंच, केंडाल आणि राइखस्टाइन या तिघांना. कॉर्टिसॉल सूज दाबतं, ते त्याचं कामच आहे. पण ते सांध्याचा आजार बरा करत नाही, आणि रोज मोठ्या डोसमध्ये हाडं ठिसूळ करतं, डोळ्यात मोतीबिंदू आणतं, साखर वाढवतं. आईंची बोटं पण दुखायची असं तुम्ही लिहिलंय, सकाळी उठल्यावर बोटं आखडतात का, मूठ वळायला वेळ लागतो का, विचारा. तसं असेल तर तो नुसता वयाचा गुडघा नसून आमवात असू शकतो आणि त्याला मेथोट्रेक्सेटसारखी मूळ आजारावरची औषधं आहेत. ऱ्हुमॅटॉलॉजिस्टची, म्हणजे वाताच्या आजारांच्या डॉक्टरांची, अपॉइंटमेंट घ्या. दुखणं राहिलं तर त्या पुडीकडे जाणारच, त्यांचा तरी काय दोष. आणि हाडांची डेन्सिटी या निमित्ताने करून घ्या.


कृष्णाकाठची:

हो, सकाळी तासभर मूठ वळत नाही तिची! हे आम्ही कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. मिरजेला नंबर लावते या आठवड्यात. अजून एक, तिची एक दाढ काढायची राहिलीय, ती काढू का आत्ता?


स्टेथो:

तातडीची नसेल तर थोडं थांबा. काढायचीच असेल तर दातांच्या डॉक्टरांना चिठ्ठी आधी दाखवा, सकाळची वेळ घ्या, आणि त्या दिवशी गोळी किती वाढवायची ते आईंच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेऊन मगच खुर्चीत बसवा.